सुई नवी, पण शाईची वाटी?

खानदेशातल्या यात्रेत, सारंगखेड्याला तापीकाठी असो की गावच्या जत्रेत, गोंदणारा हमखास दिसतो. दिव्याची काजळी आणि हाताने टोचायच्या सुया मागे पडल्या, बॅटरीवरचं मशीन आलं. गिऱ्हाईकही आता विचारतं, "सुई नवी आहे ना?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे.

मशीनची सुई कातडीत साधारण १ ते २ मिलिमीटर उतरते. तिथे बारीक रक्तवाहिन्या असतात. सुई टोचते, शाईत बुडते, पुन्हा टोचते. म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच त्या वाटीत रक्त मिसळलेलं असतं, काळ्या शाईत ते दिसत नाही इतकंच. पुढच्या माणसासाठी सुई बदलली आणि वाटी तीच ठेवली, तर नवी सुई आधीच्याच रक्तात बुडते. हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ-बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या डागातसुद्धा किमान ७ दिवस तग धरतो. एचआयव्हीपेक्षा तो सुईवाटे कितीतरी सहज पसरतो. त्यावर लस आहे. गोंदणाऱ्याने तर ती घेतलीच पाहिजे.

म्हणून शाई प्रत्येकासाठी झाकणाएवढ्या नव्या छोट्या वाटीत थेंबांनी काढायची आणि उरलेली फेकायची. बाटलीत परत ओतली की अख्खी बाटली गेली. कार्ट्रिज सुई, म्हणजे प्लास्टिकच्या नळीत बसवून येणारी सुई, असेल तर आत रबरी पडदा हवा, नाहीतर रक्तमिश्रित शाई उलटी मशीनमध्ये चढते आणि ते मशीन उकळता येत नाही.

शाई पातळ करायला पाणी कुठलं, हेही बघा. ड्रमचं नको, नळाचं नको, बाटलीबंद पिण्याचंही नको. ते पिण्यायोग्य असतं, निर्जंतुक नसतं. पाण्यातले मायकोबॅक्टेरिया नावाचे जंतू कातडीत शिरले की काही आठवड्यांनी गाठी उठतात आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. निर्जंतुक पाण्याच्या छोट्या कुप्या मेडिकलवर मिळतात.

मशीनची सुई जिच्यातून चालते ती पुन्हा वापरायची धातूची नळी आधी ब्रशने घासायची, कारण वाळलेल्या रक्ताखाली जंतू सुरक्षित राहतात. मग पाकिटात घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंश, १५ पौंड दाबाला ३० मिनिटं. नुसत्या उकळीने जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचातली चिवट रूपं, मरत नाहीत, डेटॉलनेही नाही.

युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे या धंद्यासाठी वेगळा केंद्रीय कायदाच नाही. तो व्हायला हवा, आणि त्यात सुईइतकीच शाई मोजली जायला हवी. रक्तपेढी मात्र सावध आहे: गोंदल्यावर किंवा कान-नाक टोचल्यावर १२ महिने रक्तदान चालत नाही.

कान टोचण्याचं गणित थोडं वेगळं. सोनाराची तार टोकदार असते. कान टोचायच्या गनमधली बाळी तुलनेने बोथट, ती स्प्रिंगच्या जोराने मांस फाडत जाते. प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. कानाच्या पाळीला एक वेळ निभावतं, पण वरच्या कुर्चेला, म्हणजे कानाच्या कडक, लवचीक भागाला, गन लावूच देऊ नका. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे संसर्गाशी लढणाऱ्या पेशी आणि औषध तिथे उशिरा पोहोचतात. वरचा कान लाल, गरम, हात लावू देत नाही असा झाला, तर हळद-तेलावर दिवस काढू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पू साचून मेलेली कुर्चा परत येत नाही, कान कायमचा चुरगळतो.