राष्ट्रीय उद्यानातली रेसिडेन्सी म्हणजे फुकटची जंगलवारी नव्हे

भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जाणाऱ्या पुणेकर फोटोग्राफरांत एक समज घट्ट बसला आहे: अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानात ‘आर्टिस्ट इन रेसिडेन्स’ (उद्यानात काही आठवडे राहून काम करणारा कलाकार) म्हणून निवड झाली की विमान, जेवण, मानधन सगळं सरकारी, वर प्राण्यांच्या जवळ जायची खास मुभा. यातलं फारच थोडं खरं आहे.

साधारण दोन ते चार आठवडे राहायची सोय होते, तीही सगळीकडे नाही. मानधन असलंच तर जुजबी. विमानभाडं, गाडी, किराणा बहुधा आपल्याच खिशातून. बदल्यात पर्यटकांसाठी व्याख्यान किंवा कार्यशाळा, आणि बऱ्याच उद्यानांना एक कलाकृती द्यावी लागते. त्या फोटोचे हक्क कोणाकडे राहणार, हे सही करण्याआधी करारात नीट वाचा.

जवळिकीचं तर विसराच. यलोस्टोनमध्ये अस्वल-लांडग्यांपासून किमान ९१ मीटर, बायसन-एल्कपासून २३ मीटर लांब राहायचं. निवड झाली म्हणून सूट नाही. ड्रोनवर २०१४ पासून बंदी. म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स आलीच, आणि तिचं वजन विमानाच्या केबिन बॅगेत बसवायचं वेगळंच दुखणं.

अर्ज फसतो तो बहुधा फोटोंच्या निवडीत. वाघ, धनेश, कासची फुलं असे सुटे ‘हिट’ फोटो पाठवून भागत नाही. एकाच विषयाची मालिका हवी, आणि त्याच उद्यानात नेमकं काय करणार याचा मुद्देसूद प्रस्ताव. परदेशी अर्जदार चालतात का, कोणता व्हिसा लागेल, हे उद्यानाकडून लेखी घ्या. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली व्हिसाची तारीख त्यानंतर.