रफ, ॲलन

रफ, ॲलन : (जन्म : २५ नोव्हेंबर १९५१, ग्लासगो). स्कॉटलंडचे फुटबॉल गोलरक्षक आणि नंतर ‘ज्युनियर’ (मुख्य लीगबाहेरच्या, प्रौढांच्या) फुटबॉलमधील व्यवस्थापक. १९७६ ते १९८६ या काळात ते देशाकडून ५३ सामने खेळले. सत्तरच्या दशकातले त्यांचे दाट कुरळे केस प्रेक्षकांना आजही आठवतात.

त्यांची ऐन उमेदीची वर्षे पार्टिक थिसल या क्लबात गेली. हा क्लब ग्लासगोचाच, पण सेल्टिक आणि रेंजर्स या तिथल्या बड्या क्लबांच्या सावलीत राहिलेला. २३ ऑक्टोबर १९७१ रोजी हॅम्पडन पार्कवर लीग चषकाच्या अंतिम सामन्यात थिसलची गाठ सेल्टिकशी पडली. थिसल त्याच वर्षी वरच्या श्रेणीत परतला होता, तर सेल्टिकने आदल्याच वर्षी युरोपियन चषकाची अंतिम फेरी गाठली होती. मध्यंतराला थिसल ४–० ने पुढे! रे, लॉरी, मॅकक्वेड आणि बोन यांचे ते गोल. उत्तरार्धात सेल्टिकने जोर लावला, तरी केनी डॅल्ग्लिशच्या एका गोलाखेरीज त्यांच्या हाती काही लागले नाही. तेव्हा रफ अवघे १९ वर्षांचे होते. थिसलसाठी ते सहाशेहून अधिक सामने खेळले आणि १९८१ मध्ये स्कॉटलंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्यांना वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले.

मात्र त्यांच्याविषयी बोलताना लोकांना आधी आठवतात ते त्यांच्यावर झालेले गोल. १९७८ च्या विश्वचषकात पेरूच्या कुबियासने उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने मारलेली फ्री किक बचावपटूंच्या भिंतीला वळसा घालून जाळ्यात शिरली. नेदरलँड्सविरुद्ध स्कॉटलंडला तीन गोलांच्या फरकाने जिंकायचे होते. ३–१ अशी आघाडी असताना योहनी रेपने लांबून मारलेला फटका आत गेला आणि ३–२ ने जिंकूनही संघ बाहेर पडला. १९८२ मध्ये ब्राझीलच्या एदेरने जोरदार फटक्याचा आव आणून चेंडू अलगद उचलला. रफ उभे होते तिथून हललेच नाहीत. चेंडू डोक्यावरून आत. या चित्रफिती पुन:पुन्हा दाखवल्या गेल्या. इंग्लंडमध्ये स्कॉटिश गोलरक्षकांची टिंगल करण्याची रीतच पडली होती, तिची झळ रफ यांनाही लागली. ती अन्यायाचीच म्हणावी लागेल. असे फटके कुणालाही चकवून गेले असते, आणि लागोपाठच्या दोन विश्वचषकांत देशाने याच माणसावर गोलरक्षणाची जबाबदारी सोपवली होती.

१९८२ मध्ये ते हिबर्नियन या क्लबाकडे गेले. तिथे असतानाच, १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफच्या निनियन पार्कवर वेल्सविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा सामना होता. मध्यंतरात गोलात खेळत असलेल्या जिम लेटन यांची कॉन्टॅक्ट लेन्स हरवल्याचे कळले. ते लेन्स वापरतात हे व्यवस्थापक जॉक स्टीन यांना माहीतच नव्हते. स्कॉटलंड ०–१ ने मागे असताना रफ बाकावरून उठून थेट गोलात उभे राहिले. त्यांनी उत्तरार्धात गोल होऊ दिला नाही आणि डेव्ही कूपरच्या पेनल्टीने बरोबरी झाली. सामना संपत असताना स्टीन कोसळले आणि स्टेडियमच्या वैद्यकीय कक्षात त्यांचे निधन झाले. आनंद कुणालाच साजरा करता आला नाही. पुढच्या वर्षी विश्वचषकासाठी मेक्सिकोला गेलेल्या संघात रफ होते, पण तिथे ते खेळले नाहीत.

सेल्टिक, हॅमिल्टन आणि एअर युनायटेड अशा क्लबांत थोडा थोडा काळ काढून ते व्यवस्थापनाकडे वळले, तेही एअरशायरमधल्या न्यू कम्नॉक या कोळसा खाणींच्या गावातील ग्लेनाफ्टन ॲथलेटिक या क्लबात. स्कॉटलंडमध्ये ‘ज्युनियर’ म्हणजे मुलांचे फुटबॉल नव्हे. ती मुख्य लीगबाहेरची, प्रौढ खेळाडूंची वेगळी व्यवस्था होती आणि एअरशायरच्या खाणवस्त्यांत तिची मुळे फार खोल गेलेली आहेत. स्कॉटिश ज्युनियर चषक १८८६–८७ पासून खेळला जातो. विश्वचषक खेळलेल्या माणसाने अशा गावच्या संघाची धुरा घ्यावी, हे मोठेपणाचे लक्षण होते.

ज्युनियर चषकाच्या १९९२ च्या अंतिम सामन्यात शेजारच्या ऑकिनलेक टॅलबटने ग्लेनाफ्टनला ४–० असे हरवले. वर्षभराने, १९९३ मध्ये, रफ यांच्या संघाने टेपोर्टवर १–० अशी मात करून क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदा हा चषक न्यू कम्नॉकला आणला. गोलरक्षकाने घडवलेल्या संघाने त्या दिवशी गोल होऊ दिला नाही. पुढे रफ रेडिओवर फुटबॉलचे विश्लेषक म्हणून घराघरांत पोहोचले. ग्लेनाफ्टनला मात्र तो चषक दुसऱ्यांदा मिळायला २०१७ साल उजाडावे लागले.