प्रकाशन व उद्धरण नोंद (संख्याशास्त्र आणि सिम्युलेशन)

संशोधकाने कोणते शोधनिबंध कुठे आणि कधी छापले आणि पुढे इतरांनी त्यांचा किती वेळा आधार घेतला, याचा हिशेब म्हणजे त्याची प्रकाशन व उद्धरण नोंद. विद्यापीठांत याला सरसकट ‘पेपर आणि सायटेशन’ म्हणतात. नेमणूक, बढती, अनुदान या वेळी हाच हिशेब मागितला जातो. तो पद्धतशीरपणे ठेवण्याची सोय यूजीन गारफील्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने १९६४ मध्ये केली आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या गूगल स्कॉलरमुळे तो कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागला.

नोंदीचा गोषवारा एका आकड्यात सांगणारा एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन मिळाली आहेत, ती संख्या म्हणजे एच-इंडेक्स. समजा, एखाद्याच्या पाच पेपरांना अनुक्रमे ४०, १२, ४, ३ आणि १ सायटेशन आहेत. तिसऱ्या पेपराला तीन किंवा अधिक आहेत, पण चौथ्याला चार नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ३. पहिल्या पेपराची सायटेशन ४० ऐवजी ४०,००० झाली तरी तो ३च राहतो.

संख्याशास्त्रात ही अडचण फार खरी आहे. या विषयातला पेपर पुष्कळदा एखादे हत्यार देतो आणि ते वापरणारे लोक भलत्याच क्षेत्रांतले असतात : जनुकशास्त्र, हवामान, अर्थशास्त्र. हत्यार हाती येईपर्यंत पेपर पडून राहतो आणि मग सायटेशनचा पूर येतो.

कॅनडाचे विल्फ्रेड कीथ हेस्टिंग्ज (१९३०–२०१६) यांची नोंद या दृष्टीने मुद्दाम पाहावी अशी आहे. ते टोरंटो विद्यापीठात शिकवत असताना तिथले रसायनशास्त्रज्ञ जॉन व्हॅलो कणसमूहाच्या सरासरी ऊर्जेचा प्रश्न घेऊन आले होते. त्यातून १९७० मध्ये ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात हेस्टिंग्ज यांचा तेरा पानांचा निबंध आला. गुंतागुंतीच्या संभाव्यता-वितरणातून नमुने काढण्यासाठी यादृच्छिक पावले टाकत जायचे, ही कल्पना १९५३ पासून होती. मात्र पुढचे पाऊल सुचवण्याची रीत दोन्ही दिशांना सारखी असावी लागे. ती एका बाजूला झुकलेली असली तरी चालते, फक्त ‘इथून तिथे’ आणि ‘तिथून इथे’ सुचण्याच्या शक्यतांचे गुणोत्तर हिशेबात धरायचे, हे हेस्टिंग्ज यांनी दाखवले. त्यांचे विद्यार्थी पीटर पेस्कुन यांनी १९७३ मध्ये हे काम पुढे नेले. स्वतः हेस्टिंग्ज व्हिक्टोरिया विद्यापीठात गेले आणि त्यांनी पुढे मोजकेच लिहिले. संख्याशास्त्रज्ञांनी त्या निबंधाकडे जवळजवळ वीस वर्षे लक्ष दिले नाही. १९९० मध्ये ॲलन गेलफंड आणि एड्रियन स्मिथ यांच्या निबंधाने बेझियन गणितात (आधीचा अंदाज नव्या माहितीनुसार सुधारत नेण्याच्या गणितात) यादृच्छिक नमुने काढण्याच्या या पद्धती रुजवल्या, संगणक स्वस्त झाले आणि हेस्टिंग्ज यांचे नाव हजारो पेपरांच्या संदर्भयादीत आले. १९८५ साली कोणी त्यांची सायटेशन मोजून बढती ठरवली असती तर ती चुकलीच असती.

याच्या उलटही घडते. जॉर्ज बॉक्स आणि मर्व्हिन म्युलर यांनी १९५८ मध्ये नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणाचे यादृच्छिक आकडे तयार करण्याची युक्ती दोन पानी टिपणात दिली. ती इतकी अंगवळणी पडली की वापरणारा बहुधा मूळ टिपणाचा उल्लेख करतच नाही. पद्धत पाठ्यपुस्तकात गेली की तिची सायटेशन आटतात, असे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी नोंदवले होते.

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे एखादी घडामोड संगणकावर नक्कल करून पाहण्यात, निम्मे काम प्रोग्रॅमचे असते आणि जुन्या नोंदींत त्याला जागाच नव्हती. आता संख्याशास्त्रासाठीच्या ‘आर’ या संगणकभाषेत ‘सायटेशन’ ही आज्ञा दिली की पॅकेजचा (तयार प्रोग्रॅमसंचाचा) उल्लेख कसा करावा ते पडद्यावर येते; ही सुधारणा साधी, पण मोलाची आहे. ती किती उशिरा आली हे हेस्टिंग्ज यांनी पुढे नेलेल्या पद्धतीच्या १९५३ च्या मूळ पेपरावरून कळते. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या ‘मॅनिॲक’ संगणकावर कण म्हणून धरलेल्या २२४ चकत्यांची हालचाल चालवून पाहणारा तो पेपर पाच जणांचा : निकोलस मेट्रोपोलिस, एरियाना आणि मार्शल रोझेनब्लुथ, ऑगस्टा आणि एडवर्ड टेलर. नावे वर्णक्रमाने छापली गेली आणि पद्धतीला पहिले नाव चिकटले. २००३ मध्ये पेपराच्या पन्नाशीनिमित्त लॉस अलामोसला परिषद भरली. तिथे मार्शल रोझेनब्लुथ यांनी सांगितले की मेट्रोपोलिस यांनी संगणकाचा वेळ दिला, त्यापलीकडे या कामात त्यांचा वाटा नव्हता. ‘मॅनिॲक’साठी प्रोग्रॅम लिहिला होता एरियाना रोझेनब्लुथ यांनी. पहिल्या मुलाच्या जन्मानंतर त्यांनी संशोधन सोडले आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. पद्धतीला आजही मेट्रोपोलिस–हेस्टिंग्ज असेच म्हणतात.