टॉवर बंद पडल्यावर निरोप कुणाच्या हाती द्यायचा?

टॉवर बंद पडला तरी ब्लूटूथवरच्या ॲपने कुठेही बोलता येतं, हा समज ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत तरी कुणी बाळगू नये. फोनच्या ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर. मधे फोनांची सलग साखळी नसेल तर बोलणं होत नाही. लेखी निरोप मात्र जाऊ शकतो: फोन तो साठवतो, माणूस फिरत राहतो, दुसरा फोन टप्प्यात आला की निरोप पुढे सरकतो.

पण द्यायचा कुणाला? भेटेल त्याला प्रत दिली तर बॅटरी आणि मेमरी दोन्ही संपतात. माणसं दिवसभर जागा बदलतात, त्यांच्या गाठीभेटींची घडी मात्र बराच काळ टिकते. पान हुई, जॉन क्रोक्रॉफ्ट आणि आयको योनेकी या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेली 'बबल रॅप' पद्धत याच घडीवर चालते.

ज्यांच्या सहवासात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळ जातो ते फोन एका गटातले. मग गाठीभेटींच्या जाळ्यात फोन किती मध्यवर्ती आहे यावरून प्रत्येकाला दोन क्रमांक: एक सगळ्या जाळ्यातला, एक गटातला. समजा, हरिपूरहून जत तालुक्यातल्या उमदीला मामाकडे निरोप धाडायचा आहे. तो आधी जाळ्यातल्या क्रमांकाने वर चढतो: भाचीकडून किराणा दुकानदाराकडे, तिथून एसटीच्या कंडक्टरकडे. मामाच्या गटातलं कुणी भेटलं की निरोप त्याच्याकडे जातो आणि कंडक्टरच्या फोनमधली प्रत पुसता येते. पुढे फक्त गटातला क्रमांक पाहायचा.

हा क्रमांक काढण्याची युक्ती मला फार आवडते. खरं मध्यवर्तीपण, म्हणजे इतरांमधल्या किती वाटा त्या फोनवरून जातात, हे मोजायला सगळ्या जाळ्याचा नकाशा हवा, तो कुठल्याच फोनकडे नसतो. एकूण किती जण भेटले ही बेरीजही फसवते. पण दर सहा तासांत किती वेगळे फोन भेटले, हा आकडा मध्यवर्तीपणाशी चांगला जुळतो, आणि तो फोन स्वतःच मोजतो.

अडचणी आहेतच. सगळे निरोप कंडक्टरकडे गोळा होऊन त्याचीच बॅटरी आधी संपते. म्हणून प्रतींवर आणि निरोपाच्या आयुष्यावर मर्यादा हवी. मजकूर कूटबद्ध हवा, कारण तो परक्यांच्या खिशातून जातो. पुरात तर एसटीच थांबते आणि माणसं निवारा केंद्रात हलतात. तेव्हा जुन्या दिवसांची सरासरी चुकीचा वाहक निवडते. अशा वेळी फक्त ताज्या सहा तासांची मोजणी धरावी. बोटीवरचा स्वयंसेवक मग आपोआप वरच्या क्रमांकावर येतो.