रंगकाम आणि बेसिंग : सेना आमच्याकडे सोपवण्याआधी

टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी छोट्या शिपायांची सेना रंगवायला देताना बहुतेक ग्राहक आधी कपड्यांच्या रंगाबद्दल बोलतात. अंगरखा कसा हवा, पागोटे किती लाल हवे, ढालीवर काय काढायचे. आम्ही मात्र पहिला प्रश्न वेगळा विचारतो : लढाई कुठे चालली आहे, आणि महिना कोणता? याचे उत्तर मिळाले की बेस, म्हणजे शिपायाच्या पायाखालची चकती आणि तिच्यावरची जमीन, ठरतो, आणि बेस ठरला की बाकीच्या रंगांचे निम्मे निर्णय तिथेच होतात.

याला कारण आहे. खेळताना शिपाई डोळ्यांजवळ धरून कोणी पाहत नाही. तुम्ही टेबलाशी उभे असता आणि सेना दोन-तीन फुटांवरून, वरून दिसते. वरून दिसतात त्या पगड्या, खांदे, घोड्यांच्या पाठी आणि जमीन. वेगवेगळ्या वर्षी घेतलेले, दोन-तीन हातांनी रंगवलेले शिपाईसुद्धा एकाच जमिनीवर उभे राहिले की एक फौज वाटतात. उलट सुंदर रंगवलेले शिपाई नुसत्या काळ्या प्लॅस्टिकच्या चकतीवर ठेवा, काम अर्धवट राहिल्यासारखे दिसेल. म्हणून आम्ही बेसशिवाय नुसते रंगकाम घेत नाही. नुसता बेस करून द्यायचे काम मात्र आनंदाने घेतो.

महिना का विचारतो

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. यमुनेच्या गाळाची सपाट, फिकट भुरी जमीन, ऐन थंडी, दोन फौजांच्या तळांनी तुडवलेले रान. तिथे गवत थोडके आणि वाळलेले, धूळ मात्र घोड्यांच्या गुडघ्यांपर्यंत. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, आजच्या जालना जिल्ह्यात. भारतातली लढाई म्हटली की पिवळे वाळवंट करायचे, ही सवय परदेशी पुस्तकांतल्या फोटोंमुळे लागली आहे. सप्टेंबरातली मराठवाड्याची काळी माती ओली असते आणि गवत हिरवे असते. शिंद्यांच्या पलटणी असोत की इंग्रज सेनापती वेलस्लीचे हायलँडर (स्कॉटिश शिपाई), दोघांच्याही पायाखाली काळपट तपकिरी आणि वर ताजा हिरवा हवा. आणि जावळीच्या रानातली, १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची चकमक करायची असेल तर तांबूस माती, काळा कातळ, त्यावर शेवाळ, उंच गवत टोकांना पिवळे पडू लागलेले आणि खाली पानगळ.

काल्पनिक सेनेलाही हाच नियम. वॉरहॅमर ४०,००० या भविष्यातल्या काल्पनिक युद्धाच्या खेळातला ग्रह कोणीच पाहिलेला नाही, पण तो बर्फाचा, गंजाचा की राखेचा हे एकदा ठरवा आणि सेना वाढत गेली तरी बदलू नका. रंगसंगतीसाठी आमचा सल्ला : सेना गडद असेल तर जमीन फिकट ठेवा, सेना उजळ असेल तर जमीन गडद. हिरव्या गणवेशाला हिरवेगार गवत दिले की शिपाई जमिनीत विरघळतो.

खडा किती मोठा

बेसिंगमध्ये सर्वात जास्त बिघडते ते प्रमाण. २८ मिमीचा शिपाई साधारण १:५६ प्रमाणात असतो. त्याच्या पायाशी १ मिमीचा वाळूचा कण म्हणजे साडेपाच सेंटिमीटरचा दगड. तोच कण ६ मिमीच्या शिपायाजवळ, म्हणजे साधारण १:३०० प्रमाणात, फूटभर धोंडा होतो. म्हणून २८ मिमीसाठी आम्ही बारीक वाळूत थोडे जाड खडे मिसळतो, १५ मिमीला फक्त चाळलेली बारीक वाळू वापरतो आणि ६ मिमीला वाळू जवळजवळ टाळतो. तिथे दाट पोताचा रंगच पुरतो. गवताचेही तसेच. २ मिमीचे स्टॅटिक ग्रास (बारीक धाग्यांचे कृत्रिम गवत) २८ मिमीच्या शिपायाला वीतभरही होत नाही, ६ मिमीचे त्याच्या पोटरीपर्यंत येते.

जुहूची किंवा गिरगाव चौपाटीची वाळू कृपया आणू नका. त्यातले मीठ मुंबईच्या हवेतली ओल ओढत राहते, फेव्हिकॉल नीट धरत नाही आणि काही दिवसांनी रंगाखालून पांढरट थर वर येतो. गडावरची मूठभर माती आणणारे ग्राहक असतात आणि ती माती आम्ही मनापासून स्वीकारतो. फक्त ती चाळून, तव्यावर भाजून घेतो. भाजल्याने बुरशीचे बी मरते. तरीही ती माती नुसती चिकटवून सोडत नाही. गोंद लागला की माती काळवंडते, शिवाय इतक्या लहान आकारात खरा रंगही डोळ्याला जास्त गडद भासतो. म्हणून त्या मातीवर आम्ही रंग देतोच, मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा उजळ. तुमची माती खाली असते आणि तिचा रंग वर.

उंच गवतासाठी काथ्या उत्तम. परदेशी तयार झुबक्यांपेक्षा कोकणचे रान त्यातच जास्त खरे दिसते. पानगळीसाठी चहाचा चोथा चालतो, पण कडकडीत वाळवून आणि पातळ फेव्हिकॉलने पूर्ण बंद करूनच. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बेसवर बुरशी धरते. शेवाळ बनवायचे होते, उगवायचे नव्हते, असे आम्ही ग्राहकांना सांगतो. कॉर्कच्या तुकड्यांना तोडून कातळ करतो. सह्याद्रीच्या थरांच्या दगडाला त्याच्याइतके जवळ जाणारे दुसरे काही आम्हाला मिळालेले नाही.

मुंबईची हवा

हा भाग शांतपणे वाचावा, कारण तारखांबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की स्प्रेचे मॅट व्हार्निश सुकताना धुरकट पांढरे पडते. आठवडेच्या आठवडे केलेले काम एका फवाऱ्यात दुधाळ होऊ शकते. म्हणून पावसाळ्यात आम्ही स्प्रेचा डबा हातात घेत नाही. प्रायमर आणि व्हार्निश दोन्ही पाण्यावर चालणारे, एअरब्रशने किंवा ब्रशने, पातळ थरांत. याला वेळ लागतो. स्टॅटिक ग्रासही पावसाळ्यात रुसते : ते विजेच्या भारावर उभे राहते आणि दमट हवेत तो भार टिकत नाही, गवत आडवे पडते. त्या दिवसांत आम्ही आधीच करून ठेवलेले झुबके लावतो.

दुसरे कारण माणसांचे. आमच्याकडचे काही जण वर्षातले काही महिने गणपतीच्या कारखान्यात काम करतात. आषाढापासून भाद्रपद चतुर्थीपर्यंत ते तिकडे असतात आणि आम्ही त्यांना कधीही अडवणार नाही. त्यामुळे दिवाळीनंतरच्या खेळासाठी सेना हवी असेल तर वैशाखातच आणून द्या.

रंगकाम

प्लॅस्टिक आणि रेझिनचे शिपाई आम्ही आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतो, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर रंग धरू देत नाही. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले शिपाई चिकट लागत असतील तर ते पूर्ण कडक झालेले नाहीत. असे नग आम्ही परत करू. त्यावर रंग टिकत नाही आणि कच्चे रेझिन त्वचेला अपायकारक असते. वाकलेले भाले गरम पाण्यात धरून सरळ करतो आणि लगेच गार पाण्यात बुडवतो. जुन्या धातूच्या शिपायांत शिसे असू शकते, तेव्हा ते घरी हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.

मग प्रायमर, मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ गडद वॉश आणि उंचवट्यांवर उजळ छटा. रंग नेहमी पातळ करून दोनदा. एकच जाड थर दिला की चेहऱ्याची कोरीव रेघ बुजते आणि ती परत येत नाही. छाया-प्रकाश आम्ही खऱ्यापेक्षा ठळक करतो, कारण एवढ्या लहान घडीवर खोलीतल्या दिव्याची सावली पडतच नाही. ती रंगवावी लागते. १५ मिमीला हा ठळकपणा आणखी वाढवतो.

डोळ्यांबद्दल आमचे मत ठाम आहे. गणपतीच्या आखणीला जो मान आहे तो आम्ही सरदारांच्या, निशाणबरदारांच्या आणि जवळून पाहिल्या जाणाऱ्या शिपायांच्या डोळ्यांना देतो. आखणी एकच माणूस करतो आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही. रांगेतल्या शिपायांना मात्र भुवईखाली फक्त गडद तपकिरी रेघ. २८ मिमीवर डोळा मिलिमीटरभरही नसतो, आणि पांढरा ठिपका दिला की सगळी पलटण दचकल्यासारखी दिसते.

निशाणे कागदावर छापून, फेव्हिकॉल ओला असतानाच लाटा देऊन वळवतो. कागदाची पांढरी कड दिसू नये म्हणून ती हाताने रंगवतो. भगवा किंवा जरीपटका सपाट एका रंगात सोडत नाही. घडीच्या आत लालसर आणि वर पिवळसर केल्यावरच कापड वाऱ्यावर असल्यासारखे वाटते.

नियम सांगा, मग बेस कापू

बेसचा आकार खेळाच्या नियमांवर ठरतो आणि नंतर बदलणे म्हणजे मोडतोड. डीबीए या प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांच्या खेळाला १५ मिमीच्या तुकडीची रुंदी ४० मिमी लागते, २८ मिमीला ६०. वॉरहॅमर ४०,००० चे बेस गोल असतात, वॉरहॅमरच्याच ओल्ड वर्ल्ड या खेळाचे चौकोनी. एकाच सेनेने दोन खेळ खेळायचे असतील तर शिपाई सुटे ठेवून खाली पत्र्याचा ट्रे करू.

बेसची कड आम्ही एकाच रंगात, बहुधा काळी किंवा गडद तपकिरी ठेवतो. कडेवर मातीचा रंग ओघळलेला असेल तर काम परत आणा, आम्ही मोफत पुसून रंगवून देऊ.

लोकलने नेणार असाल तर हे सांगाच. प्रत्येक बेसखाली ५ मिमीचे निओडिमियम चुंबक बसवतो आणि सेना ठेवायच्या डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा. स्पंजमध्ये खोचलेले भाले लोकलच्या गर्दीत मोडतात, चुंबकावर उभी सेना हलत नाही. धातूच्या जड घोडेस्वारांना दोन चुंबके लागतात. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि मे महिन्यात डबा बंद गाडीत ठेवू नका, रेझिन मऊ होऊन वाकते.

दर आणि मुदत

दर नगावर आहे आणि तो आकार, रंगांची संख्या आणि आखणी यांवर ठरतो. आधी एक नमुना शिपाई बेससकट रंगवून दाखवतो. तो पसंत पडल्यावरच अर्धी रक्कम घेऊन पुढचे काम सुरू होते. नमुना तुमच्या घरच्या दिव्याखाली पाहा, शक्यतो तुमच्या खेळाच्या टेबलावर, उभे राहून. दुकानातला पांढरा दिवा रंग बदलून दाखवतो.

काम पूर्ण झाल्यावर सेनेबरोबर एक कार्ड मिळेल. त्यावर वापरलेल्या रंगांची नावे, त्यांचा क्रम, वाळूचा प्रकार आणि गवताची लांबी लिहिलेली असते. पुढे नवी तुकडी घेतलीत आणि ती स्वतः रंगवायची ठरवलीत, तर त्या कार्डावरून जुळवता येईल. अडले तर कार्ड आणि एक जुना शिपाई घेऊन या, बसून दाखवू. त्याचे पैसे घेत नाही.