पिकअपचं स्टिअरिंग खटखटलं म्हणजे बॉक्स गेलाच?

‘वळवताना खट्ट वाजलं की स्टिअरिंग बॉक्स संपला, नवा टाका’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) झिजतोही, पण तो महागडा भाग. त्याच्यावर शेवटी यावं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून उभी करा. एकाने स्टिअरिंग किंचित डावीउजवीकडे हलवावं, दुसऱ्याने सांधे पाहावेत, हाताने चाचपावेत: शाफ्टचा क्रॉस (स्टिअरिंगच्या दांड्यातला सांधा), टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा), बॉक्सचे चासीवरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचे बोल्ट. खट्ट जिथे हाताला जाणवतं, तिथेच ढिलेपणा. मग पुढचं चाक जॅकने उचला, खाली स्टँड लावाच. चाक डावीउजवीकडून धरून हलवल्यावर वाजलं तर आधी टाय रॉड तपासा; वरखाली धरल्यावर वाजलं तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. बोल्ट ढिले असतील तर आवळून भागतं. टाय रॉड एंड खिळखिळा असेल, तर मात्र बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. तो निखळला की चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.