कुटातला एक दाणा आणि यकृताची गफलत

खिचडीत कडू दाणा लागला की आपण तोंड वाकडं करतो. तो कडूपणा बहुतेकदा खवटपणाचा. खरी काळजीची गोष्ट जिभेला कळतच नाही. तिचं नाव अ‍ॅफ्लाटॉक्सिन. नीट न वाळलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी चढते आणि हे रसायन मागे ठेवते. भाजल्यावर बुरशी मरते, विष मात्र पुष्कळसं टिकतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेत घेत लोक पोचले ते खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत.

आता यातली विचित्र गोष्ट. अ‍ॅफ्लाटॉक्सिन बी-१ पोटात जातं तेव्हा डीएनएला धक्का लावण्याच्या स्थितीत नसतं. त्याला त्या स्थितीत आणतं आपलंच यकृत. तेलकट रसायनं लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर जावीत म्हणून यकृतपेशी ती पाण्यात विरघळतील अशी करतात. पहिल्या टप्प्यात पी-४५० गटातली विकरं (एन्झाइम) रेणूला ऑक्सिजन चिकटवतात. अ‍ॅफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत यातून इपॉक्साइड हे चटकन चिकटणारं रसायन तयार होतं, आणि ते थेट डीएनएमधल्या ग्वानिनला, म्हणजे 'जी' या अक्षराला, जाऊन बिलगतं. त्यामुळे कर्करोग रोखणाऱ्या पी-५३ या पहारेकरी जनुकात एका ठरावीक जागी 'जी'ऐवजी 'टी' हे अक्षर येतं. अ‍ॅफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्या भागांतल्या यकृताच्या कर्करोगाच्या गाठींत हाच बदल वारंवार सापडतो. जोडीला हिपॅटायटिस बी असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

दुसऱ्या टप्प्यात पेशीतलाच ग्लुटाथायोन नावाचा रेणू विकराच्या मदतीने या इपॉक्साइडला धरून निकामी करतो. माऊस आणि रॅट, मराठीत दोघेही उंदीरच. पण माऊसकडे हे काम करणारं विकर जबरदस्त आहे, म्हणून तो तगतो. रॅट तगत नाही. माणसाचं विकरही या कामात कच्चंच.

आपल्याकडे पुण्यात गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचं पेशीभांडार आहे. अशा भांडारांतून संशोधकांना पेशी मिळतात. यकृताच्या गाठीतून निघालेली हेप-जी-२ ही जात त्यांच्या फार आवडीची, कारण ती बशीत सुखाने वाढते. मात्र पी-४५० चं काम ती बरीचशी विसरलेली असते. तिच्यावर एखादं प्रदूषक टाकलं आणि पेशी ठणठणीत राहिल्या, तर ते निरुपद्रवी आहे की विष रांधणारा आचारीच रजेवर आहे? म्हणून चाचणीत रॅटच्या यकृताचा अर्क मिसळतात, नाहीतर ताज्या मानवी यकृतपेशी वापरतात. त्या महाग, आणि बशीत काही दिवसांतच आपले गुण हरवतात.

पोत्यातलं बहुतेक विष मोजक्याच दाण्यांत साठलेलं असतं. सुरकुतलेले, काळपट, हिरवट दाणे वेचून टाकले तर बरंचसं जातं. तयार कुटाच्या पाकिटात ती सोय नाही, म्हणून मी मार्केट यार्डातून अख्खे दाणेच आणते.